बाहेरचे जेवण परवडते का?



आजचे हे व्याख्यान संपायला साधारण साडेआठ वाजतील. त्यानंतर आपल्यापैकी काही मंडळी घरी जाऊन गरम आमटीभात जेवतील; काही वाटेतल्या हॉटेलात शिरतील; आणि काही चतुर मंडळी इथून उठण्यापूर्वीच खिशातला फोन काढून जेवण मागवतील व आपण आणि जेवण एकाच वेळी दाराशी पोहोचू असा बेत करतील. या तिन्ही घरांत आज ना उद्या एक प्रश्न निघतोच : बाहेरच्या जेवणाला मोजलेले पैसे वसूल होतात का?

प्रश्न लहान दिसतो, पण त्यावरून होणारे वाद लहान नसतात. एक पक्ष म्हणतो, "एवढ्या पैशांत घरी चार दिवस जेवण झाले असते." दुसरा पक्ष विचारतो, "आणि ते चार दिवस ओट्यापाशी कोण उभे राहिले असते?" दोघेही खरे बोलत असतात. तरी वाद मिटत नाही, याचे कारण दोघांच्या हिशेबाच्या वह्या निराळ्या आहेत. एका वहीत फक्त पैसे लिहिलेले आहेत आणि दुसरीत फक्त श्रम. आज या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बेरीज करून पाहावी, एवढाच माझा उद्देश आहे.

प्रायश्चित्तापासून बिलापर्यंत

आपल्याकडे बाहेर खाणे हा प्रश्न पैशांचा झाला तो फार उशिरा. त्याआधी तो धर्माचा होता. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला ज्यांच्या प्रेरणेने सुरू झाली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनाच याचा अनुभव घ्यावा लागला. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आला. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले, आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपाची एवढी किंमत त्यानंतर कोणत्याही हॉटेलाने लावलेली नाही!

मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामाची सुरुवातही महादू हावजी बच्चे यांनी त्याच १८९० साली केली, असे सांगतात. माणूस कचेरीत आणि जेवण घरचे, अशी ही तोड होती. ज्याच्या त्याच्या जातीचे, प्रांताचे आणि चवीचे अन्न त्याला दुपारी मिळावे, आणि बाहेर खाण्याचा प्रसंगच येऊ नये. गरीब विद्यार्थी पुण्यात वार लावून जेवत. सात घरांचे सात वार ठरलेले असत. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खानावळी होत्या. कामगार महिन्याचे पैसे पगारानंतर देत, आणि तोवर किराणा आणायला या बायका सावकाराचे कर्ज काढीत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण स्वयंपाक हे काम आहे, त्याला भांडवल लागते आणि त्याचे मोल होते, हे त्या बायकांनी पतपेढीच्या भाषेत सिद्ध करून दाखविले. घरातल्या चुलीपुढे बसणारीला मात्र ते अजून सिद्ध करायचे आहे.

आता काळ पालटला. स्विगी ही कंपनी २०१४ साली बंगळूरला निघाली, झोमॅटोने २०१५ साली जेवण घरपोच करण्याचे काम हाती घेतले, आणि डबेवाल्यांचा प्रवास उलटा झाला. पूर्वी घरचे जेवण बाहेर जाई. आता बाहेरचे जेवण घरी येऊ लागले. केंद्र सरकारच्या २०२३-२४ सालच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा शेकडा ४० च्या आत आढळला. त्या अन्नातही सर्वांत मोठी रक्कम धान्याची नव्हती, दुधाची नव्हती, भाजीचीही नव्हती. ती पेये, फराळ आणि तयार अन्न यांची होती. एकूण खर्चाच्या शेकडा सुमारे ११. यात बिस्किटाचे पुडे आणि चिवड्याच्या पिशव्याही आल्या हे खरे. तरीपण चुलीचा वाटा कमी होत चालला आहे, एवढे यावरून निश्चित दिसते.

बिलात काय काय असते

हॉटेलच्या बिलाकडे पाहून आपण चटकन म्हणतो, "वीस रुपयांची भाजी दीडशेला!" हा आरोप पूर्णपणे बरोबर नाही. हॉटेलच्या धंद्यात असा ठोकताळा आहे की, पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. बाकीचे दोन भाग आचाऱ्याचा आणि वाढप्याचा पगार, जागेचे भाडे, वीज, गॅस, फुटलेली भांडी, उरलेले आणि टाकावे लागलेले अन्न आणि शेवटी मालकाचा नफा, यांत जातात. घरगुती गॅसची टाकी १४.२ किलोची आणि हॉटेलची १९ किलोची. हॉटेलवाल्याला घरगुती टाकी वापरता येत नाही आणि त्याच्या टाकीतला गॅस किलोमागे महाग पडतो. म्हणजे त्याची चूल आपल्या चुलीहून मुळातच महाग आहे.

कमीत कमी किती लागते, याचा एक सरकारी दाखलाच आपल्यापुढे आहे. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, असे तिचे माप होते. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे होते. परंतु शहरात या थाळीची खरी किंमत ५० रुपये धरली होती व उरलेले ४० सरकार देणार होते. ना गालिचा, ना पंखे, ना पाच प्रकारच्या चटण्या. भरल्या पोटाचा माणूस उठताना आणखी एक चपाती मागेल इतके बेताचे हे जेवण. तरीही ते मोल देऊन शिजवायचे म्हटल्यावर २०२० साली ५० रुपयांखाली बसले नाही.

बिलाच्या शेवटच्या दोन ओळींकडेही लक्ष द्यावे. साध्या हॉटेलातल्या जेवणावर शेकडा ५ वस्तू व सेवा कर आहे आणि तो द्यावाच लागतो. सेवाशुल्काचे तसे नाही. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की, ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे मत उचलून धरले. वाढणाऱ्याला खुशीने काही द्यावे. पण खुशी ही छापील असू नये!

घरच्या जेवणाची किंमत

आता दुसरी वही उघडू. येथे मी काही आकडे समजुतीसाठी घेतो. आपल्या गावचे आणि आपल्या घरचे आकडे त्या जागी घालून पाहावेत; रीत तीच राहील.

समजा, चार माणसांचे घर आहे. रात्रीचे जेवण पोळी, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असे आहे. जिन्नस आणि गॅस मिळून २०० रुपये लागले. तेच जेवण बऱ्यापैकी हॉटेलात २०० रुपये थाळीप्रमाणे ८०० आणि कर धरून ८४० रुपयांना पडले. फरक ६४० रुपयांचा. यावर पहिली वही बंद होते आणि निकाल लागतो की, बाहेर खाणे ही चैन आहे.

पण थांबा. घरचे ते जेवण पानात पडायला बाजार आणणे, निवडणे, चिरणे, कणीक भिजविणे, पोळ्या लाटणे, वाढणे आणि मागचे आवरणे, असे मिळून अडीच तास लागले असे धरा. ६४० रुपये वाचविण्यासाठी अडीच तास दिले. म्हणजे तासाला २५६ रुपये झाले. तेव्हा ८४० रुपये महाग आहेत की नाहीत, हा प्रश्न खरा नव्हे. खरा प्रश्न असा आहे की, एका तासाचे २५६ रुपये हा भाव आपल्याला कसा वाटतो, आणि तो तास कोणाचा होता?

इथे काही गृहस्थ म्हणतील, "घरच्या बाईच्या वेळेचे पैसे कोणी मोजते का?" मोजत नाही, हे खरे, आणि तेथेच चूक होते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली एक गंमत दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते! पोळ्या तेवढ्याच, हातही तेच. पगार बंद झाला म्हणून काम मोजदादीतून नाहीसे झाले. आजही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हॉटेलातली पोळी धरली जाते आणि घरची पोळी धरली जात नाही.

केंद्र सरकारने २०२४ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवितात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. हे आकडे नुसत्या स्वयंपाकाचे नाहीत, साऱ्या घरकामाचे आहेत. पण जवळजवळ पाच तासांच्या त्या कामात चूल कुठे बसते, हे घरातल्या कोणालाही सांगायला नको.

या श्रमांना किंमत देण्याची वेळ आपल्या न्यायालयांवर मात्र येते. जमशेटपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत काही गृहिणी मृत्युमुखी पडल्या. त्यांच्या वारसांची भरपाई ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल साधारणतः महिना ३००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, गृहिणीचे उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमांची कदर करणे होय. न्यायालयाचे म्हणणे योग्यच आहे. पण हा हिशेब कधी मांडला जातो, याचा विचार करा. ती अपघातात गेल्यावर! तिच्या हयातीत, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, तिच्यासमोर तो मांडायला काय हरकत आहे?

एकट्याची चूल

चुलीचा एक स्वभाव असा आहे की, तिला माणसे नीट मोजता येत नाहीत. चौघांची आमटी आणि एकाची आमटी यांना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच. चौघांच्या घरी माणशी ५० रुपये पडलेले जेवण एकट्याला ७० ला पडते, कारण अर्धी कोथिंबीर सुकते आणि अर्धा दुधी फेकावा लागतो. एकट्याला दीड तास लागला असे धरा. हॉटेलची थाळी कर धरून २१० रुपयांना. फरक १४० चा. म्हणजे तासाला सुमारे ९३ रुपये वाचले. आणि जवळच्या खानावळीत महिना लावून तेच जेवण १०० रुपयांना मिळत असेल, तर फरक ३० चा व तासाची बचत अवघी २० रुपये! परगावी शिकणारा मुलगा, बदली झालेला कारकून, किंवा एकटी राहणारी वृद्ध बाई यांनी खानावळ किंवा डबा लावला तर त्यांना उधळे म्हणणे अन्यायाचे आहे. मोठ्या कुटुंबाला जी चैन, ती एकट्याला काटकसर ठरू शकते. "बाहेरचे परवडते का?" याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही ते यासाठी.

दाराशी आलेले जेवण

फोनवरून मागविलेल्या जेवणाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. तीच २०० रुपयांची थाळी घ्या. पोहोचविणारी कंपनी हॉटेलकडून दलाली घेते आणि ती बहुधा किमतीच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याच्या घरात जाते. म्हणून पुष्कळ हॉटेले फोनवरच्या यादीत भाव चढवून लावतात. समजा २३० लावला. बांधणीचे २०. या २५० वर शेकडा ५ कर, म्हणजे साडेबारा. पोहोचविण्याचे आणि कंपनीचे आकार मिळून ५०, आणि त्यावर शेकडा १८ कर, म्हणजे ९. एकूण ३२१ रुपये ५० पैसे. हॉटेलात जाऊन जे २१० ला पडले असते, त्यापेक्षा हे १११ रुपयांहून अधिक आहे.

या जादा पैशांत काय मिळाले? अन्न वाढले नाही. उलट भजी मऊ पडली आणि डोशाची कड वाफेने लोळागोळा झाली. हॉटेलात बसलो असतो तर जागा मिळाली असती, पंखा मिळाला असता, कोणी वाढले असते, भांडी कोणी घासली असती. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसणारा माणूस चहाचे पैसे देत नसे. तो टेबलाचे भाडे देई आणि ते त्याला स्वस्त पडे. घरी मागविलेल्या जेवणाच्या भावात त्या टेबलाचा वाटा असतोच, फक्त टेबल आपल्या वाट्याला येत नाही.

आजारी माणसाला, तान्हे मूल असलेल्या आईला, जिना उतरता न येणाऱ्या आजोबांना हे १११ रुपये मुळीच जास्त नाहीत. परंतु धडधाकट माणसाने केवळ 'आज कंटाळा आला' म्हणून हे वरचेवर करावे, यात त्याची सर्वांत मोठी फसगत आहे. आठवड्यातून दोनदा ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ८३,२०० रुपये होतात. एवढी रक्कम एकदम मागितली तर घरात सभा भरेल; आठशे-आठशेने गेली तर कोणी विचारतही नाही.

आणखी एका माणसाचा हिशेब येथे राहून जातो. तो पिशवी घेऊन पावसात जिना चढून येतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, पंक्चरही त्याचेच. हे पोहोचविणे आपल्याला स्वस्त वाटत असेल, तर त्यातला काही भाग तो भरीत असतो. घरच्या जेवणाचा स्वस्तपणा आईच्या न मोजलेल्या तासांवर उभा होता. या जेवणाचा या मुलाच्या न मोजलेल्या तासांवर उभा राहू नये.

पोटाच्या हिशेबाबद्दल थोडेच सांगतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापविले म्हणजे त्यात अपायकारक घटक साचतात. म्हणून १ जुलै २०१८ पासून अशा घटकांची मर्यादा शेकडा २५ ठरवून दिली आहे व त्यापुढे ते तेल वापरता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असणेही सक्तीचे आहे. तो पाहण्याची सवय ठेवावी. तळलेले रोजचे असेल तर मात्र घरचे काय आणि बाहेरचे काय, पोट दोघांनाही सारखीच शिक्षा करते.

मग करावे काय?

या सर्व विवेचनाचे सार तीन साध्या गोष्टींत सांगता येईल.

पहिली : जे घरी होत नाही, ते बाहेर खावे. तंदूरची भट्टी, वर्षानुवर्षे मुरलेला डोशाचा तवा, एखाद्याच्या हातचा मिसळीचा कट, यांत कसब आणि साधने यांचे पैसे आहेत आणि ते वसूल होतात. घरी रोज होणारे वरणभात मात्र चौघांनी चौपट पैसे देऊन बाहेर खाणे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसरी : पैसे देऊन तास विकत घेतला, तर तो कोणाच्या पदरात पडला हे पाहावे. बाहेर जेवल्यामुळे घरातल्या बाईला एक संध्याकाळ खरोखर मोकळी मिळाली, चौघेजण एका टेबलाशी बसून बोलले, तर ते ८४० रुपये कारणी लागले. चौघेही चार कोपऱ्यांत चार फोन घेऊन बसले आणि खोकी उचलण्याचे काम पुन्हा तिच्याच वाट्याला आले, तर पैसेही गेले आणि तासही गेला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरी शिजवायचे की बाहेरून आणायचे, एवढे दोनच मार्ग आहेत असे आपण धरून चालतो. त्यांच्यामध्ये आणखी वाटा आहेत. आपल्याकडे गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रे आहेत. सर्वांत वेळखाऊ काम पोळ्यांचे. तेवढ्या पोळ्या विकत आणून भाजी-आमटी घरी केली तर थोड्या पैशांत मोठा भार उतरतो, आणि तो पैसा बहुधा आपल्याच गल्लीतल्या एखाद्या बाईच्या हाती जातो. आणि यापेक्षाही स्वस्त अशी एक वाट आहे, तिला एक पैसाही पडत नाही. मघाचे अडीच तास म्हणजे १५० मिनिटे. ती चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटेसुद्धा येत नाहीत. एकाने निवडावे, एकाने लाटावे, एकाने शिजवावे, एकाने घासावे. ज्या घरात हे घडते, त्या घरात हॉटेलला जायचे ते हौसेने जातात. थकून, हरून जात नाहीत.

बाहेरचे जेवण महाग असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते महाग असते, कारण त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचे पैसे धरलेले असतात. घरचे जेवण स्वस्त असते, कारण त्यात एका माणसाचे पैसे धरलेले नसतात. हे ध्यानी घेऊन मग खुशाल घरी जेवा किंवा बाहेर जेवा. हिशेब चुकणार नाही.

साडेआठ होत आले. घरी आपली कोणी वाट पाहत असेल, तर पाने घ्यायला वेळेवर पोहोचा. आणि जेवण झाल्यावर निदान आजच्या दिवस तरी लगेच उठून हात धुऊन दिवाणखान्यात जाऊ नका.